आप्पांना रिव्हर्स येत नव्हता

माझ्या वडिलांबद्दल अवसरी खुर्दमध्ये आजही कुणा म्हाताऱ्याला विचारलंत, तर तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "मोटारवाले आप्पा व्हय? त्यास्नी गाडी मागं घेता येत नव्हती." रामनाथ हे त्यांचं नाव कोणाला आठवणार नाही. माणूस एक्याऐंशी वर्षं जगला, खडकाळ माळावर बागायत उभी केली, मुलीला पुण्याच्या कॉलेजात घातलं, कोणाशी कोर्टकचेरी केली नाही. लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर रिव्हर्स. मला पूर्वी याचा राग यायचा. आता मी पंच्याहत्तर ओलांडली आहे आणि राग धरायला फार वेळ उरलेला नाही.

मी नववीत असताना ती गाडी आमच्या दारात आली. काळी लँडमास्टर. पुण्यातले एक डॉक्टर परदेशी निघाले होते आणि त्यांना ती पंधरा दिवसांत काढायची होती. आप्पा बटाटा घेऊन मार्केट यार्डात गेले होते, ते गाडी घेऊन आले. म्हणजे गाडी आणली मंचरच्या दादाभाऊ ट्रकड्रायव्हरने, आणि आप्पा शेजारी बसून आले, मांडीवर रिकामी पोती. दादाभाऊला दोनच दिवस सवड होती. त्या दोन दिवसांत त्याने आप्पांना आमच्या मळ्यात पुढे जायचं सगळं शिकवलं: क्लच, गिअर, ब्रेक, वळण. तिसऱ्या दिवशी सकाळी जाता जाता त्याने घाईघाईत रिव्हर्स दाखवला. आप्पांनी तो एकदाच टाकून पाहिला. मागे कांद्याची अरण होती, पाचट लावून नीट रचलेली, पावसाळ्यापर्यंत टिकवायची. गाडी थेट तिच्यात शिरली. कांदे सगळ्या अंगणभर.

आमची आजी बयाबाई काही ओरडली नाही. ती खाली बसून कांदे गोळा करायला लागली आणि म्हणाली, "रामनाथा, म्होरं बघून चालवता येत असंल तर चालव. न्हाईतर बैल हायेत."

त्या दिवसापासून आप्पांनी रिव्हर्सला हात लावला नाही. पस्तीस वर्षं.

हे वाचायला गमतीचं वाटतं. पण गाडी मागे न घेता पस्तीस वर्षं चालवायची तर काय काय करावं लागतं, याचा विचार करून बघा. आप्पांच्या डोक्यात दोन तालुक्यांचा एक नकाशा होता आणि त्यात गावं नव्हती, फक्त वळायच्या जागा होत्या. मंचरला गिरणीपुढचं पटांगण. घोडेगावला कचेरीमागचा पिंपळ, त्याला वळसा. येडगावला धरणाच्या कामाचे ट्रक उभे राहायचे ती मोकळी जागा. लग्नाचं आमंत्रण घेऊन कोणी आलं की इतर माणसं मुहूर्त विचारतात. आप्पा विचारायचे, "वळायला हाय का तिथं?" नसलं तर गाडी अर्धा मैल अलीकडे लावून आहेर काखोटीला मारून पायी जायचे.

मी अठराव्या वर्षी कॉलेजच्या सुट्टीत गाडी शिकले. रिव्हर्स मला पहिल्या दिवशी आला, त्यात काही विशेष नाही. पण घरात नवी सोय झाली. पुढे आप्पा चालवणार, अडकलं की ते खाली उतरणार, मी बसणार, गाडी मागे काढणार आणि पुन्हा किल्ली त्यांच्या हातात. "वैजा, जरा मागचं बघ गं," एवढंच म्हणायचे. जसं काही मागचं म्हणजे भांडी घासणं.

मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. एकदा नाही, चार सुट्ट्या केला. मी मुळात शिकवायला वाईट आहे, मला धीर नाही. चौथ्या सुट्टीत मी त्यांना म्हणाले, "आप्पा, तुम्ही भित्रे आहात." ते म्हणाले, "व्हय." आणि गुरांना पाणी पाजायला निघून गेले. असं कोणी कबूलच केलं तर भांडायचं कसं?

माझं लग्नही त्या रिव्हर्सनेच जमलं म्हणायला हरकत नाही. जुन्नरचं स्थळ आलं. मुलाचं घर बघायला वडीलमंडळी जातात, मुलीला कोणी नेत नाही. पण ते घर बोळात होतं आणि बोळाला पलीकडून तोंड नव्हतं. आप्पांनी आधीच चौकशी केलेली. तेव्हा "मागं घ्यायला" म्हणून मला नेलं आणि बोळात गाडीतच बसवून ठेवलं. वडीलमंडळी पोहे खाऊन बाहेर आली, मी पुढच्या सीटवर सरकले आणि गाडी बोळाच्या तोंडापर्यंत मागे काढली. दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका उभ्या. एक म्हणाली, "अगं बया, नवरी हीच हाय का डायवर?" माझे यजमान वरच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. पुढे चाळीस वर्षं ते म्हणत राहिले की पोहे सोडून बाकी सगळं पसंत पडलं होतं. पोहे त्यांच्याच आईने केले होते.

तर हे आप्पा. आता गाडीचं सांगते.

लग्नानंतर रीतीप्रमाणे मी घोडेगावला कचेरीत जाऊन हक्कसोड लिहून दिलं. जमीन सगळी भावाला, गोरखला. बहिणींनी असंच करायचं असतं आमच्याकडे. मी कॉलेज शिकलेली, तरी मीही केलं. आप्पा कचेरीच्या पायरीवर बसले होते. मग वारण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी गाडी माझ्या नावावर करून ठेवली. गावात हसले लोक: पोरीनं वावर सोडलं अन् पत्रा घेतला.

गाडी गोरखच्याच शेडमध्ये राहिली. माझे गुडघे बदलेपर्यंत मी दर महिन्याला जुन्नरहून अवसरीला जाऊन तिला मंचरपर्यंत फिरवून आणायचे. नंतर गोरखचा मुलगा ऋषी ते करू लागला. तो इंजिनिअर आहे, हाताने चांगला आहे, मन लावत नाही.

गेल्या वर्षी गणपतीनंतर गोरखचा फोन आला. "आक्का, शेड पाडतोय. कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या काढायच्यात. दिवाळीनंतर काम सुरू."

"मग गाडी?"

"ते ऋषी सांगंल तुला."

ऋषीने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. येडगावच्या पाण्याकडेला त्याच्या मित्राचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथे दर्शनी भागात गाडी मांडायची. "आत्या, लोक जाम खूश होतील. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात ना, त्यांना असलंच हवं असतं."

"आणि इंजिन?"

"ते काढावं लागेल. बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावणार आहेत. खूप सुंदर दिसतं, मी फोटो दाखवतो."

मी त्याला म्हटलं, मला फोटो दाखवू नकोस. पण दुसरं काही सुचवताही येईना. मी विधवा बाई, जुन्नरच्या बाहेर कॉलनीत छोटं घर, पुढे दोन कुंड्या मावतील एवढी जागा. उघड्यावर ठेवली तर दोन पावसांत गंजेल. गाडी ठेवणार कुठे? ऋषीचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्यातच गोजरबाईचा फोन आला.

गोजरबाई म्हणजे घोडेगावच्या वर, डोंगरात करवंदवाडी आहे, तिथली. तिचे सासरे बहिरू हे आप्पांचे बाजारातले दोस्त. आप्पा महिन्यातून एकदा कांदा-बटाटा घेऊन वर जायचे आणि तांदूळ, हिरडा घेऊन यायचे. रस्ता बहिरूंच्या घरापुढच्या खळ्यात संपायचा, पुढे नुसता डोंगर. मी दोनतीनदाच गेले असेन, तेही पुस्तक घेऊन. गाडीतून उतरलेही नसेन.

"वैजाबाई, नातवानं पिकअप घेतलीया. वाघबारशीला फेरी हाय. पयली फेरी आप्पांच्या मोटारीची पायजे. आणा."

"कसली फेरी?"

"या तर खरं," म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्याहून घाईची बाई.

वाघबारस म्हणजे आपल्या वसुबारशीचाच दिवस. आपल्याकडे गाय-वासरू पुजतात; डोंगरात वाघोबाला खीर करतात, गुरं वर्षभर सांभाळली म्हणून. मी ऋषीला म्हटलं, गाडी द्यायचीच आहे तर जायच्या आधी एकदा डोंगर चढू दे. तो लगेच तयार झाला. त्याला व्हिडिओ काढायचा होता.

गाडीने घाट एकदाही न थांबता चढला. भाताची कापणी चालू होती, रस्त्याच्या कडेने पेंढ्या वाळत घातलेल्या. वाडीत शिरलो तर समोर रांग. दोन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, एक रिक्षा, आणि झेंडूच्या माळा घातलेली कोरी पिकअप. सगळी वाडी खळ्याभोवती उभी. खळ्याच्या मधोमध शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड, लहान चौथऱ्यावर.

"सरा रं, मोटार आली!" कोणीतरी ओरडलं. गोजरबाई पुढे आली. वाळकी, ताठ, हातात नारळ. तिने बॉनेटवर हळद-कुंकू लावलं आणि ऋषीला म्हणाली, "चल पोरा, घाल फेरी. देव उजव्या हाताला."

ऋषीने गाडी आत घेतली. खळं तसं मोठं, पण ही गाडी वळायला जड. अर्ध्या फेरीत पुढचं चाक घराच्या पायरीला भिडायला आलं. त्याने ब्रेक लावला आणि रिव्हर्स टाकला.

"मागं न्हाई! मागं न्हाई घ्यायचं!" सगळी वाडी एकदम. एक म्हातारा तर काठी घेऊन गाडीच्या मागे उभा राहिला.

ऋषी घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी खाली उतरले. "अहो, काय झालं? मागे घेतली तर काय होतं?"

"आप्पांनी कदी घेतली व्हती का?" गोजरबाई म्हणाली. "तुमच्याच वडलांनी घालून दिलंय, बाई. त्येंचा नवस व्हता वाघोबाला. हर खेपंला मोटारीची फेरी घालायचे, हात जोडायचे, मग खाली उतरायचे. एकदा न्हाई चुकले. तवापास्नं वाडीत कोणची बी गाडी आली की पयली फेरी हितं. येष्टी आली तवा डायवरला बी घालाय लावली आमी."

माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं आणि मला हसू फुटलं. मग माझी नजर घरावर गेली आणि हसू जागच्या जागी राहिलं. घर नवं, सिमेंटचं. पण विचित्र. मागे डोंगराला चिकटून बांधलेलं, इतकं की मागच्या भिंतीला खिडकी नाही. पुढची खोली नाहीच. पायरी चढलं की थेट चूल.

"इंजिनेर म्हनला, म्होरं घ्या घर, एक खोली वाढतीया," गोजरबाईने माझी नजर ओळखून सांगितलं. "पोरगा बी तेच म्हनत व्हता. म्या म्हनलं, मग गाड्या कुठून फिरायच्या?"

एका माणसाला गाडी मागे घेता येत नव्हती म्हणून या बाईने एक खोली सोडली होती. आणि माझं कसं आहे, पोटातलं फार वेळ पोटात राहत नाही. मी तिला हाताला धरून बाजूला नेलं आणि सांगून टाकलं.

"गोजरबाई, नवस-बिवस काही नव्हता. आप्पांना रिव्हर्स येत नव्हता. त्यांना गाडी वळवायला जागा लागायची, आणि तुमच्या खळ्यात ती होती. बस. मधे देव होता म्हणून हात जोडायचे."

ऋषी मागून खुणा करत होता, आत्या गप्प बस. गोजरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"म्हंजी कायमचंच येत नव्हता?"

"कायमचंच."

"आन् आमचे मामंजी सकाळपास्नं खळं झाडून ठेवायचे, मोटार यायचीया म्हून!" तिने डोळे पुसले. "बाई, तवा आमच्या दारात दुसरं येत कोण व्हतं? तलाठी बी खालच्या वाडीतनं माघारी जायचा. तुमचे आप्पा पार देवापातूर यायचे."

"पण खोली गेली ना तुमची."

"खोलीत काय करत व्हते मी, बसून ऱ्हात व्हते?" ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली. "आता मला बोललात ते बोललात, त्या पोरांम्होरं नका बोलू. लई जोरात हानत्यात गाड्या. फेरीपायी तरी हितं हळू व्हत्यात. मागल्या साली खालच्या वाडीत बारकं पोर चाकाखाली जाता जाता वाचलं. हितं न्हाई व्हत तसं."

मी गाडीकडे गेले आणि ऋषीला उठवलं.

"आत्या, तुझे गुडघे..."

"सरक."

सगळं आयुष्य वळायचं झालं की मी ही गाडी मागे घेतली. पुढून गोल फिरवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पायरीजवळून काढायला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवावं लागलं आणि तसंच धरून ठेवावं लागलं, दोन्ही हातांनी, खांद्यापासून जोर लावून. जरा सैल सोडलं की चाक सरळ होतं आणि गाडी घरात जाते. ऋषीचं तेच झालं होतं. क्लचला गुडघा कळवळला. गाडी हळूहळू फिरत गेली, देव माझ्या उजव्या कोपराशी, खिडकीतून हात बाहेर काढला तर शेंदूर लागेल इतका जवळ.

आणि मला हात जोडता येईनात.

दोन्ही हात चाकावर. एक जरी सोडला तर गाडी पायरीवर. मी सत्तर किलोची बाई आणि आप्पा माझ्याहून बारीक, तेही सोडू शकले नसते. मग ते हात जोडायचे कसे? मला आठवलं ते तेव्हा. ते थांबायचे. अर्ध्या फेरीत, देवासमोर, गाडी पूर्ण थांबवायचे. मी शेजारी पुस्तकात डोकं घालून बसलेली. मला वाटायचं दम खातायत. वळायलाच नुसती जागा हवी असती तर मधे थांबायचं काही कारण नव्हतं. उलट थांबलं की जड चाक पुन्हा ओढणं जिवावर येतं. ते मी आता माझ्या खांद्यांनी अनुभवत होते. गाडीने त्यांना तिथे थांबवलं नव्हतं. ते आपले आपण थांबत होते, दर महिन्याला.

मी ब्रेक लावला. हात जोडले. मी देवळात फारशी न जाणारी बाई आहे, तेव्हा नेमके कोणाला जोडले ते विचारू नका. मग पुन्हा चाक ओढलं आणि फेरी पुरी केली.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. पिकअप माझ्यामागे लागली, तिच्यामागे ट्रॅक्टर, आणि प्रत्येकजण देवासमोर येऊन थांबत होता, हात जोडत होता. बघणाऱ्याला वाटेल ती त्यांची भक्ती. ती आप्पांची सवय होती, जशीच्या तशी उचललेली. आम्ही खीर खाल्ली. गोजरबाईने पाच शेर तांदूळ डिकीत घातला आणि नको म्हटलं तर ओरडली.

परत येताना ऋषीने व्हिडिओचं नाव काढलं नाही. घोडेगावला चहाला थांबलो तेव्हा मी त्याच्याकडून मित्राचा नंबर मागून घेतला आणि तिथूनच फोन लावला. गाडी मिळणार नाही, बॉनेटमध्ये माती घालायला दुसरं काही शोधा, असं सांगितलं. तो पोरगा सभ्य होता, 'बरं काकू' म्हणाला.

"आत्या, मग ठेवायची कुठे?" ऋषीने विचारलं. "शेड तर पाडणारच बाबा. मी बोलून बघू का?"

"काही बोलू नकोस. त्याला खोल्या बांधू दे. माझा हॉल आहे की."

"तुझा हॉल म्हणजे... तू राहतेस तो?"

"राहते मी स्वयंपाकघरात. हॉलमध्ये टीव्ही राहतो."

त्याने कपातला चहा संपवला, मग मोबाईलमध्ये गाडीची लांबी-रुंदी लिहून काढायला लागला. "पुढची भिंत काढावी लागेल. वर बीम टाकावा लागेल. आणि जमीन उतरती करायला लागेल, नाहीतर पाणी आत येईल," म्हणाला. मी म्हटलं ना, पोरगा हाताने चांगला आहे. दिवाळीची सगळी सुट्टी तो जुन्नरला माझ्याकडे राहिला, गवंड्याच्या डोक्यावर उभा.

माझी मुलगी वृषाली पुण्यात असते. भिंत पडल्याचं तिला गोरखच्या बायकोकडून कळलं. "आई, तुला वेड लागलंय का? पाहुणे आले तर बसवशील कुठे?"

"स्वयंपाकघरात."

"आणि सोफा?"

"सोफा तू घेऊन जा. शनिवारच्या आत, नाहीतर तो रस्त्यावर जाईल." ती आणखी काही बोलत होती, पण गवंडी बीमची फळी कुठे लावायची विचारत होता, तेव्हा मी फोन ठेवला.